नोंदीविना शस्त्र म्हणजे नुसते लोखंड

१/ जुनी शस्त्रे जमविणारा प्रत्येक जण इतिहासप्रेमी असतो, ही समजूत मला मान्य नाही. आज आपल्याकडे ज्या रीतीने शस्त्रे घासली, विकली आणि मिरवली जातात, ती रीत इतिहासाचा नाश करते. खिशात मावणाऱ्या एका अमेरिकी रिव्हॉल्व्हरच्या निमित्ताने हे मांडणार आहे. धागा मोठा आहे, शेवटपर्यंत वाचावा.

२/ गेल्या वर्षी राहात्यातील एका परिचितांनी मला काही छायाचित्रे दाखविली. ठासणीचे, पाच बारांचे, छोटे रिव्हॉल्व्हर. विकू पाहणाऱ्याचा दावा असा की, १८५७ साली नांदूर शिंगोट्याच्या चकमकीत हे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला होते. मागितलेली किंमत अर्थातच या कथेची होती, लोखंडाची नव्हे.

३/ कथा खरी वाटावी अशीच होती. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भागोजी पूर्वी नगरच्या पोलिसांतच नोकरीला होते. पुढे दोन वर्षे ते लढत राहिले आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे साउटरच्या तुकडीशी लढताना पडले.

४/ शस्त्राचा नमुनाही काळाशी जुळत होता. कोल्टचे १८४९ चे 'पॉकेट मॉडेल' ०.३१ इंची गोळीचे. फिरत्या चक्राच्या प्रत्येक खणात पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार उडे. १८७३ पर्यंत अशी तीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे तयार झाली. १८५३ मध्ये कोल्टने लंडनमध्येही कारखाना काढला होता. तेव्हा इंग्रज अधिकाऱ्याजवळ ते असणे मुळीच अशक्य नाही.

५/ शिवाय हे शस्त्र स्वतः साक्ष देऊ शकते. सांगाडा, नळी, चक्र, चापाचे कडे या भागांवर अनुक्रमांक ठोकलेला असतो. त्यावरून निर्मितीचे वर्ष ठरविता येते. भागांचे क्रमांक जुळले नाहीत, तर जोडकाम उघड होते. नळीवर न्यूयॉर्क, हार्टफर्ड किंवा लंडन असा पत्ता असतो आणि चक्रावर घोडागाडीवरील दरोड्याचे चित्र कोरलेले असते.

६/ छायाचित्रांत यांपैकी काहीही उरले नव्हते. चकचकीत दिसावे म्हणून कोणीतरी सगळे अंग घासून काढले होते. इटलीत गेली कित्येक दशके या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती बनतात. त्यांवरची चिन्हे घासली की नवेही 'जुने' होते. कोणत्या घरातून आले, या प्रश्नाला उत्तर मिळाले, "ते सांगता येणार नाही." माझा संताप येथेच आहे. दावा कदाचित खराही असेल. पण आता तो कधीच सिद्ध होणार नाही.

७/ "एवढे जुने शस्त्र, त्याला कसला परवाना?" असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकी चित्रफिती पाहून भारतीय कायदा ठरवू नये. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र पुराणवस्तू मानले जाते. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ केवळ वय पाहत नाही. जुन्या शस्त्राला सूट मिळते ती दुरुस्ती करूनही त्यातून बार उडणे शक्य नसेल तरच.

८/ यावर आक्षेप येईल, "कायद्याच्या धाकानेच लोक घराचे नाव लपवितात, संग्राहकाचा काय दोष?" यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु 'कोठून आले' हे न विचारता जो कथेचे पैसे मोजतो, तो त्या मौनालाच बक्षीस देतो. मग विक्रेत्याने खरे का सांगावे?

९/ कोल्टने दुबळ्या आणि बलवान माणसाला समान केले, अशी फुशारकी अमेरिकेत मारली जाते. आपल्याकडे ही समानता कधी आलीच नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. म्हणूनच असे रिव्हॉल्व्हर एखाद्या मराठी घरात सापडले, तर ते तेथे कसे पोहोचले हाच खरा इतिहास. बक्षीस, लूट, नोकरी की लिलाव? घराचे नाव पुसले की हा प्रश्नच मरतो.

१०/ वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळविणाऱ्या त्या पिढीने कागद कोणाच्या घरचा, हे सांगणे कर्तव्य मानले. कागदाला जो न्याय, तोच लोखंडाला का नको?

११/ तेव्हा, घरात वा नात्यात जुने शस्त्र आढळले, तर ते घासू नका आणि बार उडतो का ते पाहण्याचा मोह धरू नका. प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्या. आजी-आजोबांना ते कोठून आले हे विचारा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. परवान्याचा प्रश्न जिल्ह्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून सोडवून घ्या. या कामाला श्रीमंती लागत नाही. एक वही पुरते.

१२/ आमच्या परिचितांनी ते रिव्हॉल्व्हर घेतले नाही. आता ते दुसऱ्या कोणाच्या कपाटात असेल आणि पाहुण्यांना नांदूर शिंगोट्याची कथा ऐकवली जात असेल. कथेत भागोजींचे नाव येईल, हेन्रीचे येईल. ज्या घराने ते दीडशे वर्षे सांभाळले असेल, त्याचे नाव मात्र येणार नाही. असल्या संग्रहाला मी इतिहासप्रेम म्हणणार नाही.

(धागा समाप्त)