खिंडीचे श्रेय

बर्फ हटवून मनाली-लेह रस्ता खुला झाला की दरवर्षी सायकलस्वारांचे जथे लडाखकडे निघतात. त्यांत महाराष्ट्रातील तरुण-तरुणीही असतात. बारालाचा, नकीला, लाचुंगला, तांगलांगला अशा एकामागून एक खिंडी त्यांना पायांच्या बळावर ओलांडायच्या असतात. तांगलांगलाची उंची सुमारे ५३०० मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. साहजिकच प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. गाटा येथील २१ वळणांच्या चढावर भल्याभल्यांना खाली उतरून सायकल हाताने ढकलावी लागते. या साहसाचे कौतुक व्हावे, हे योग्यच आहे. स्वतःच्या श्रमाने अंतर तोडण्यात एक निरोगी स्वाभिमान असतो.

परंतु खिंडीच्या माथ्यावरील फलकाशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेताना एक प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्या हवेत चार तास सायकल चालवणे हा पराक्रम ठरतो, त्याच हवेत सारा हंगाम खडी फोडणाऱ्या, डांबर तापवणाऱ्या आणि दरडी उपसणाऱ्या माणसाच्या श्रमाला काय म्हणावे?

हिमालयातील असे रस्ते बांधण्याचे व राखण्याचे काम १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना करते. तिच्या अभियंत्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. पण प्रत्यक्ष राबणाऱ्या हंगामी मजुरांपैकी पुष्कळजण झारखंडच्या संथाल परगण्यातून, विशेषतः दुमका भागातून येतात. उंचीची सवय नसलेल्या मुलखातली ही माणसे. सायकलस्वार विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वाटेत विश्रांतीचे दिवस राखून ठेवतो. पोटासाठी आलेल्या मजुराला तशी निवड करण्याची मुभा कितीशी असणार?

मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लडाखमध्ये अडकलेल्या ६० मजुरांना झारखंड सरकारने विमानाने रांचीला परत आणले. पुढच्याच महिन्यात दुमकाहून खास रेल्वेगाडीने मजूर पुन्हा त्याच रस्त्यांच्या कामावर रवाना झाले. त्या वेळी एक जुने दुखणे चव्हाट्यावर आले. मजूर गोळा करणारा 'मेट', म्हणजे आपल्याकडील मुकादमाचाच भाऊबंद, मजुरीतून कपात करतो आणि बँकेची कार्डेही स्वतःपाशी ठेवतो, अशा तक्रारी जाहीरपणे मांडल्या गेल्या. मजुरी थेट खात्यात जमा व्हावी आणि मध्यस्थ हटवावा, असा आग्रह राज्य सरकारला धरावा लागला. वस्तुतः परराज्यांत जाणाऱ्या मजुरांची नोंदणी, प्रवासभत्ता, निवारा व औषधोपचार यांसाठी संसदेने १९७९ सालीच कायदा केला होता. चार दशकांनंतरही तेच मागावे लागले, यातच त्या कायद्याच्या अंमलबजावणीची कहाणी आली.

म्हणून मजुरी खात्यात जमा होते एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. प्रत्येक छावणीत मजुरीचा दर मजुराला समजणाऱ्या भाषेत लावलेला असावा, थंडीला पुरेल असा निवारा असावा, उंचीच्या आजारावर तातडीचे उपचार मिळावेत आणि अपघातात दगावलेल्याच्या घरी भरपाई विनासायास पोहोचावी.

या कामी सायकलस्वाराचीही काही जबाबदारी आहे. मोटारीच्या काचेआडून जे दिसत नाही ते त्याला दिसते, कारण तो माणसाच्या गतीने जातो. रस्त्याकडेच्या तंबूंपाशी तो थांबतो, पाणी मागून घेतो. परतल्यावर तो उंची आणि किलोमीटर यांचा हिशेब सांगतो. त्याबरोबरच त्या तंबूंतील माणसांविषयीही त्याने बोलावे. त्याने खिंड ओलांडली हे खरे. पण ती ओलांडता आली, कारण त्याच्या आधी कोणीतरी तिथवर रस्ता नेला होता.