वर्गाबाहेरचा तास : यादी सगळ्यांना उघडू दे



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावं फिरू लागतात. गाडीवर भोंगा लावून पुकारा होतो, "आज रात्री अमुक गावात अमुक नाटक!" मला सांगा, हा पुकारा ऐकायला कुठं नाव नोंदवावं लागतं का? नाही ना! तिकिटाचं नंतर बघू. बातमी मात्र सगळ्यांच्या कानावर पडते.

हे का सांगतोय? कारण आज आपल्याला इंटरनेटवरच्या 'विशलिस्ट'बद्दल बोलायचंय. विशलिस्ट म्हणजे हव्या असलेल्या वस्तूंची यादी. वाढदिवसाला तीन पाहुण्यांनी तीन कंपासपेट्या आणल्या, तर दोन कपाटातच पडून राहणार. त्यापेक्षा काय हवं ते आधीच कळलेलं बरं. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मार्शल फील्ड नावाच्या दुकानानं १९२४ साली लग्न ठरलेल्या जोडप्यांच्या अशा याद्या ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे उलटं! कोणी काय आहेर दिला ते लग्नात वहीत लिहून ठेवतात. म्हणजे यादी होते, पण वस्तू आल्यावर.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एटापल्ली तालुक्यातल्या एका छोट्या शाळेला गोष्टींची वीस पुस्तकं, एक पृथ्वीगोल, दोन सतरंज्या आणि पुस्तकं ठेवायला मांडणी हवी आहे. गुरुजींनी 'गूगल शीट'वर यादी केली आणि तिची लिंक सगळ्यांना पाठवली. नागपूरला नोकरी करणाऱ्या ताईनं ती उघडली. तिचं गूगलचं खातं आहे. पण गावातल्या आबाजींनी नातवाच्या जुन्या मोबाइलवर लिंक दाबली, तर समोर काय आलं? "साइन इन करा." आबाजींचं खातंच नाही. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मोठ्या आईकडे तर बटणांचाच फोन! तिला यादी आहे हेसुद्धा कळलं नाही.

असं का होतं? नवीन यादीला सुरुवातीला कुलूप असतं. तुम्ही ज्यांचे ई-मेल पत्ते लिहाल त्यांनाच ती उघडते. हे कुलूप काढणं अगदी सोपं आहे. 'शेअर'चं बटण दाबा. तिथं 'रिस्ट्रिक्टेड' असं लिहिलेलं असेल. ते बदलून 'एनीवन विथ द लिंक' करा. म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्याला खात्याशिवाय यादी दिसेल. त्याच्या शेजारी 'व्ह्यूअर' ठेवा, म्हणजे लोकांना यादी फक्त वाचता येईल. तिथं 'एडिटर' केलंत, तर लिंक हाती लागलेला कोणीही तुमचा पृथ्वीगोल खोडून टाकू शकेल! आणि एक गंमत सांगू? खातं न उघडता कोणी यादी बघायला आला, तर गूगल त्याला एखाद्या प्राण्याचं नाव देतं. कोणी अनामिक हत्ती, कोणी अनामिक कोल्हा!

लिंक पाठवण्याआधी एक परीक्षा घ्यायची. ज्या मोबाइलवर कुठलंच खातं चालू नाही, अशा मोबाइलवर ती उघडून बघायची. उघडली तरच पाठवायची.

पण दार उघडं ठेवलं की घरातलं सामान सांभाळावं लागतं, खरं ना? लिंक आज मामाजींकडे, तर उद्या त्यांच्या ओळखीच्यांकडे. म्हणून यादीत मुलांची नावं, फोटो, घरचा पत्ता किंवा आईबाबांचा नंबर लिहायचा नाही. मुख्याध्यापकांना विचारून शाळेचा नंबर द्यायचा. ज्याला काही द्यायचंय तो फोन करेल आणि गुरुजी त्या वस्तूपुढं 'मिळाली' असं लिहितील. म्हणजे दोन पृथ्वीगोल येणार नाहीत. कोणी फोनवर ओटीपी मागितला, तर मात्र सरळ फोन ठेवून द्यायचा.

पालकांनाही एक सांगायचंय. यादी बघण्यासाठी मुलांचं वय खोटं टाकून खातं उघडून देऊ नका. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलंय आणि मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. यादीचं कुलूप काढलं, तर खातं लागतच नाही.

मग खातं मागणाऱ्या सगळ्या जागा वाईट का? तसं नाही. ७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारनं 'विद्यांजली'चं नवं संकेतस्थळ सुरू केलं. शाळा तिथं आपल्या गरजा मांडतात. मदत करणाऱ्याला मात्र तिथं नाव नोंदवावं लागतं. शाळेत कोण येतंय हे माहीत असायला हवंच की! फक्त तेवढ्यावर थांबू नका. तीच यादी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून शाळेच्या भिंतीवर लावा. ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांसाठी त्यांच्या भाषेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क कितीदा तरी तुटलाय. अशा दिवसांत नेटवर्क गेलं, तरी भिंतीवरचा कागद वाचता येतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटतंय ना? आपल्या उदाहरणातली ती मांडणी आठवा. आबाजींना बांबूचं काम येतं. यादी त्यांच्यापर्यंत पोचली, तर चार दिवसांत मांडणी तयार! मोठी आई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते. तिला कळलं, तर एका सतरंजीचं काम भागेल. पण यादी फक्त खातेवाल्यांनाच उघडली, तर देणारे नेहमी शहरातले आणि घेणारं नेहमी आपलं गाव, असंच तुम्हाला वाटत राहील. ते खरं नाही. गावातही देणारे हात खूप आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

आता या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या वर्गाला काय हवंय याची दहा वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढं लिहा, ही विकत आणावी लागेल की गावातच कोणी करून देईल? मग ती यादी खातं नसलेल्या तीन माणसांना वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते मला पत्रानं कळवा. पत्रावर शाळेचं नाव लिहायला विसरू नका हं!