घंटा आपली, मग चर्च परकं कसं?

“पडताहेत तर पडू देत. परक्यांची चर्चं ती, आपलं काय जातंय?” रेवदंड्याच्या किल्ल्यातून वाडीकडे परतताना मामा हे म्हणाला. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, इतिहासाचा अभ्यासक नाही. तरीही हे वाक्य मला पटत नाही.

आधी घंटांचं बघू. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. म्हणून कुणाचा देव बाटला नाही. मग घंटा चालते, तर ती जिथे टांगलेली असायची तसला मनोरा का चालत नाही?

रेवदंड्यात तसा मनोरा आहे. सेंट बार्बराच्या चर्चचा, लोक त्याला सातखणी म्हणतात. आता सातही मजले उरलेले नाहीत. आसपासच्या चर्चची छपरं गेली, लाकूडकाम गेलं. लोक तिथे फोटो काढतात आणि निघतात, कारण काय बघायचं तेच कुणी सांगत नाही. चर्चची मांडणी समजायला सोपी असते. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र सहसा दाराजवळ, कारण धर्मात प्रवेश तिथून. मधे लोकांसाठी लांब दालन. टोकाला वेदी. प्रवचनाचा उंच कठडा बाजूला, आवाज सगळ्यांपर्यंत जावा म्हणून. सभामंडप आणि गाभारा ज्याला कळतो, त्याला हेही कळेल.

“त्यांनी आपली देवळं पाडली,” हा मामाचा पुढचा मुद्दा. पाडली, खरं आहे. ते लपवू नये, तिथल्याच फलकावर लिहावं. पण पुरावाच कोसळला तर लिहिणार कशाच्या शेजारी?

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या नावाखाली गावोगावच्या मध्ययुगीन चर्चमधल्या वेद्या फोडल्या, भिंतीवरच्या चित्रांवर चुना फासला. फासणारे परके नव्हते, त्याच देशाचे होते. पुढे त्यांच्याच वारसांनी चुना खरवडून ती चित्रं मोकळी केली. श्रद्धा बदलली म्हणून भिंत परकी होत नाही.

आणि परकं म्हणजे कोण? खाडीपलीकडच्या कोर्लईत माउंट कार्मेलचं चर्च आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, तिथली माणसं राहिली. घरात आजही पोर्तुगीजमधून घडलेली आपली बोली बोलतात, बाजारात मराठी. त्यांना परकं म्हणायची मामाची छाती होणार नाही. त्यांच्याकडूनच तो मासळी घेतो.

माझी मागणी मोठी नाही. नवं बांधकाम नको, रंगरंगोटी तर नकोच. भिंतींत रुजलेली वड-पिंपळाची रोपं वेळेवर काढा. वेदी कुठे होती, लोक कुठे उभे राहत, एवढं सांगणारा मराठी फलक लावा. जुना कोड समजला नाही म्हणून आम्ही तो पुसून टाकत नाही, आधी वाचतो. इथे तर वाचायच्या आधीच पानं गळताहेत.