नांव काय ठेवावें?

गेल्या महिन्यांत आम्ही साताऱ्याहून सांगलीस वडील बंधूंकडे गेलों होतों. निमित्त त्यांच्या नातवाच्या बारशाचें. मुलाचें नांव ठरण्यास फारसा वेळ लागला नाहीं. परंतु त्याच रात्रीं माडीवर दुसऱ्या एका नांवाचा खल अकरापर्यंत चालला होता, आणि खरें सांगावयाचें तर तो आम्हांस पाळण्याभोंवतालच्या गडबडीहून अधिक रंजक वाटला.

आमची पुतणी संगणकांच्या जाळ्यासाठीं प्रोग्राम लिहिते. कोणाहि प्रोग्राम लिहिणाऱ्यास उचलून वापरतां यावा अशा तयार कृतींच्या संग्रहास हे लोक 'लायब्ररी' म्हणतात, व त्यांतील एकेका कृतीस 'फंक्शन'. अशाच एका सामायिक लायब्ररींत तिनें एक नवें फंक्शन घातलें होतें. काम पुरें झालें होतें, तपासून झालें होतें. अडलें होतें तें नांवावर, आणि नांवाखालीं लिहावयाच्या माहितीवर.

तिनें समजाविलें तें असें. दोन संगणक टी.सी.पी.च्या नियमांनीं बोलूं लागले म्हणजे त्या संभाषणाच्या दोन वाटा असतात, एक जाण्याची व एक येण्याची. आपलें सांगून झालें कीं 'फिन' नांवाची खूण पाठवावयाची. तिचा अर्थ 'माझें संपलें' एवढाच. समोरच्याचें अजून चालूं असूं शकतें. त्याचीहि खूण आली म्हणजे संभाषण खरोखर मिटलें. बर्कले येथील विद्यापीठानें १९८३ सालीं यूनिक्सची जी आवृत्ति काढली तींत ह्यासाठीं दोन निराळीं फंक्शनें आहेत. 'शटडाऊन' हें आपल्या बाजूची वाट तेवढी बंद करूं शकतें; 'क्लोज' सारेंच सोडून देतें. आतां कोणी घाईनें 'क्लोज' केलें आणि समोरून आलेला मजकूर वाचावयाचा राहून गेला असला, तर पुष्कळ यंत्रांत 'फिन'ऐवजीं 'रीसेट' जातो. हा दार धाडकन् लावण्याचा प्रकार. त्यापायीं आपण शेवटीं पाठविलेलें उत्तरहि समोरच्याच्या हातीं न पडतां नाहींसें होण्याचा संभव असतो.

"म्हणजे 'येतों' म्हणून उठावें, पण यजमानांचें बोलणें संपेपर्यंत उंबऱ्यावर उभें राहावें, तसेंच कीं!" वहिनी म्हणाल्या. अगदीं तसेंच. पुतणीचें फंक्शन हा सारा शिष्टाचार एका हांकेंत उरकतें: आपली वाट बंद करावयाची, उरलेलें वाचून घ्यावयाचें, मग मिटावयाचें. तिच्या एका सहकाऱ्यानें त्यास 'सेफ क्लोज' असें नांव सुचविलें होतें, आणि तिचेंहि मन तिकडेच झुकत होतें.

बंधूंस अर्थातच संस्कृत नांव हवें होतें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंतांनीं राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, हें ते कोणत्याहि निमित्तानें सांगतात. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं कोश झाला तरी 'कागद' व 'वकील' आपल्या घरांतून गेले नाहींत. शिवाय हें नांव जगभरच्या लोकांनीं वाचावयाचें आहे.

नांवाची एवढी चिंता कां, असें वाचकांस वाटेल. एकदां लोकांनीं तें आपापल्या प्रोग्रामांत घातलें कीं बदलणें जवळजवळ अशक्य होतें. साताऱ्याचा किल्ला १७०० सालीं औरंगजेबानें घेतला, त्याचें नांव आझमतारा झालें. मराठ्यांनीं परत घेतल्यावर तो अजिंक्यतारा झाला. बादशहास व छत्रपतींस जें साधतें तें प्रोग्राम लिहिणारास साधत नाहीं! यूनिक्समध्यें नवी फाइल निर्माण करणाऱ्या फंक्शनाचें नांव इंग्रजी 'क्रिएट' शब्दांतील शेवटचें 'ई' गाळून लिहिलेलें आहे. पुन्हां संधि मिळाली तर काय बदलाल, असें केन थॉम्प्सन ह्यांस विचारलें तेव्हां तें 'ई' घालीन, असें ते म्हणाले. वेबच्या नियमांत 'रेफरर' शब्दाचा एक 'आर' गळाला. १९९६ सालच्या लेखी नियमांत तो तसाच छापला गेला, आणि आजतागायत सर्व ब्राउझर तें अशुद्ध रूपच निमूटपणें पाठवीत असतात.

तेवढ्यांत वहिनींनीं विचारलें, "अगं, तें उंबऱ्यावर ऐकून घेतलेलें बोलणें तुम्ही ठेवतां कोठें?"

पुतणी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "ठेवीत नाहीं, आई. टाकून देतों."

आमच्या मतें त्या रात्रींचें खरें काम ह्या एका प्रश्नानें केलें. 'सेफ' हें नांव पाहून एखादा भोळा मनुष्य समजेल कीं आपलें पोंचलें आणि त्यांचेंहि मिळालें. आणि समोरच्याचा अखेरचा मजकूर मात्र कोणीं न पाहतांच गेलेला असेल. समोरच्या यंत्रास आपलें पोंचलें तरी तेथील प्रोग्रामनें तें वाचलें, ह्याचीहि हमी कोण देणार? 'सेफ' गेलें. त्याजागीं तिनें 'डिसकार्ड अँड क्लोज' लिहिलें. नांव कानास गोड नाहीं, पण टाकून देण्याची गोष्ट तें लपवीत नाहीं.

माहिती लिहावयास त्याहून अधिक वेळ लागला. समोरच्याची वाट किती काळ पाहावयाची, हें वापरणारानें आंकड्यानें सांगावयाचें होतें. पण तो आंकडा सेकंदांचा कीं मिलिसेकंदांचा, हें तिनें कोठेंच लिहिलें नव्हतें! समोरचा थेंबथेंब पाठवीत राहिला तर दर थेंबास मुदत नव्यानें सुरू होते कीं एकूण एकच, हेंहि नाहीं. "मला ठाऊक होतें, काका," ती म्हणाली. तिला ठाऊक होतें म्हणूनच तें राहिलें होतें. १९७१ च्या नोव्हेंबरांत यूनिक्सची पहिली पुस्तिका निघाली, तींतच 'बग्ज' ह्या मथळ्याखालीं ज्यानें त्यानें आपल्या कृतीचे दोष लिहून ठेवण्याची चाल पडली. (वधूवरांच्या टिपणांत असा एक रकाना असता तर!) पुतणीनेंहि आपल्या टिपणाच्या तळाशीं तसा मथळा घातला, व मजकूर टाकून दिला जातो हें वाक्य मात्र तेथें न ठेवतां अगदीं वर आणलें.

सकाळीं तिनें तें सारें वहिनींस मराठींत वाचून दाखविलें. मुदत एकूण एकच, आंकडा मिलिसेकंदांचा. "आतां कळलें," असें म्हणून वहिनी उरलेल्या घुगऱ्यांचा डबा घेऊन शेजारीं गेल्या.