मोटारवाल्यांकडून गवयांनी काय शिकावे

गाणे शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने मोटारीविषयी लिहावे, हे या पानाच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. माझ्याकडे मोटार आहे हेच पुष्कळांना ठाऊक नाही. आहे ती १९६८ सालची फियाट अकराशे डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, गिअरचा दांडा अजून चाकापाशी असलेली. वडिलांनी ती एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली आणि देवास-उज्जैनच्या बैठकांना तंबोरे मागच्या बाकावर आडवे ठेवून ते तीतून जात. ते गेले, तंबोरे माझ्याकडे आले, आणि त्यांच्याबरोबर मोटारही आली.

गेल्या डिसेंबरात एका विद्यार्थिनीच्या लग्नासाठी नागपूरला निघालो होतो. आगगाडीने जावे असे घरचे सांगत होते, ऐकले नाही. बैतूलला मुक्काम केला आणि पहाटे निघालो. मुलताईच्या पठारावर असे धुके होते की बॉनेटच्या पुढे जग संपलेले. त्यातच मोटारीने खोकायला सुरुवात केली. थांबवावी, अर्धा तास थंड होऊ द्यावी, की पहिल्या किल्लीला सुरू. चार-पाच मैल गेलो की पुन्हा तेच. सातपुडा उतरून पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या मुलखात आलो तेव्हा ती कायमचीच थांबली. संत्री भरून चाललेल्या एका गाडीवाल्याने टोचन लावले आणि तिगावाजवळच्या एका चहाच्या टपरीपाशी आणून सोडले.

तिगाव आमच्या वाचकांपैकी ज्यांनी नागपूरचा रेल्वेप्रवास केला असेल त्यांना नावाने तरी माहीत असावे. खालून येणाऱ्या मालगाडीला तिगाव ते चिचोंडा हा चढ एका इंजिनाने झेपत नाही, म्हणून मागून ढकलणारे आणखी इंजिन जोडतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशातच राहिला, २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण टपरीवरची बोली मात्र अस्सल नागपूरकडची.

त्या टपरीपाशी आठ-नऊ जुन्या मोटारी ओळीने उभ्या होत्या. तीन फियाट, चार अँबॅसिडर, एक विलीज जीप, एक स्टँडर्ड हेरल्ड. बॉनेटे उघडलेली, आणि त्यांच्यावर वाकलेली माणसे, जशी पाळण्यावर वाकतात तशी. चौकशी केली तेव्हा कळले की नागपूर, सावनेर, काटोल, छिंदवाडा अशा ठिकाणचे हे हौशी लोक हिवाळ्यात एखाद्या रविवारी असे जमतात. कोणी बँकेतला, कोणी बागाईतदार, एक दंतवैद्य. पोहे-तर्री खायची, बागेतली संत्री सोलायची आणि एकमेकांच्या मोटारींची दुखणी ऐकायची, एवढाच कार्यक्रम. अध्यक्ष नाही, हार नाही, आभारप्रदर्शन नाही. आमच्या संगीतसभांतून यातले काहीच वगळता येत नाही, हे जाता जाता.

त्यांच्यात एक वृद्ध मिस्त्री होते. हात काळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मोटारीला हात लावण्याआधी मलाच विचारले, "काहून जी गुरुजी, थंडी असताना चालते आन् गरम झाली का मरते, असंच ना?" मी होय म्हणालो. "मंग पेट्रोलचं काही नाही. कंडेन्सर हाये." डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले तर पॉइंट जळून खड्डे पडलेले. तो कंडेन्सर मी महिन्यापूर्वीच आमच्या शहरातल्या एका दुकानातून अस्सल म्हणून दामदुप्पट देऊन आणला होता. त्या दुकानदाराविषयी मिस्त्रींनी जे उद्गार काढले ते येथे छापण्याजोगे नाहीत.

फियाटचा कंडेन्सर तेथे कोणाजवळही नव्हता. अँबॅसिडरचा एक होता, पण तो आत बसेना. तेव्हा मिस्त्रींनी जे केले ते मुद्दाम सविस्तर लिहितो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल. त्यांनी जुना कंडेन्सर तोडून टाकला, कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे जी तार जाते तिच्या कॉइलकडच्या टोकाला नव्या कंडेन्सरची तार जोडली आणि त्याची डबी इंजिनाच्या लोखंडावर रंग खरवडून बोल्टाने घट्ट आवळली. "आत बसला का बाहेर, त्याले काही फरक नाही. फक्त त्याची बॉडी इंजिनाले टेकली पाहिजे." मग पॉइंट घासून, फीलर गेजची पाती घालून फट लावली. मोटार सुरू झाली. मी त्याच जोडणीवर नागपूरला जाऊन इंदूरला परत आलो.

पण मला नवल वाटले ते याचे नव्हे. मिस्त्री हे सर्व करीत असताना मोठ्याने बोलत होते. प्रत्येक गोष्ट का करतो ते सांगत होते. भोवती दहाजण उभे, त्यांत त्यांचाच धंदा करणारे दोन तरुण, आणि सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या वहीत सगळे उतरवून घेत होता. एखादी खुबी सांगताना मिस्त्रींनी आवाज खाली आणला नाही की पाठ फिरवली नाही.

त्यानंतर तासभर थंडीतल्या मोटारींवर चर्चा चालली. दाट धुक्यात मोठा दिवा लावला तर उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून दिवा खाली ठेवावा. काचेवर आतून वाफ धरली तर खिडकी बोटभर उघडावी. वरून कडकडीत पाणी मात्र कधी ओतू नये, काच तडकते. चोक ओढून सुरू केली तर इंजिन गरम होताच तो आत ढकलावा, नाहीतर प्लग काळे होतात. ज्या गिअरात घाट चढावा लागतो त्याच गिअरात तो उतरावा. न्यूट्रल टाकून सोडू नये, कारण जुन्या ड्रम ब्रेकवर सगळा भार आला की ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले; त्यावरही बोलणे झाले. जुन्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात, शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून नळ्या बदलाव्यात आणि मोटार महिनोन् महिने उभी ठेवू नये.

थर्मोस्टॅटवरून तर वादच झाला. मिस्त्री म्हणाले, आपल्या उष्ण मुलखात तो काढूनच टाकावा. मी चाळीस वर्षे काढत आलो. बँकेतले गृहस्थ म्हणाले, काढला तर इंजिन थंडच चालते, पेट्रोल जास्त जाते आणि आतले तेल पातळ होते. दोघेही चढ्या आवाजात. शेवटी एकाच तऱ्हेच्या दोन मोटारी सुरू करून ठेवल्या, एक थर्मोस्टॅट असलेली आणि एक नसलेली, आणि कोणती किती वेळात गरम होते ते सर्वांनी पाहिले. मिस्त्रींनी थोडा वेळ डोके खाजवले आणि म्हणाले, "बरोबर हाये भाऊ तुमचं. चांगला मिळाला तर ठेवाव." चाळीस वर्षांचा मुरलेला माणूस दहाजणांदेखत असे म्हणतो! आमच्यात एखाद्या रागातला निषाद कोमल की चढा यावर असे कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. सांगावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला.

वडील अगदी तरुणपणी होळकर दरबारच्या पदरी लागले. पुढे थोड्याच वर्षांत, १९४८ साली, संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि पगार थांबला. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा, त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातच. त्यांच्याजवळ देवगिरी बिलावलातली एक चीज होती, त्यांच्या गुरूंकडून मिळालेली. ती त्यांनी शिष्यांना दिली नाही. बैठकीत गायले तर कोणी टिपण करीत नाही ना हे आधी पाहत. मला स्थायी दिली, मी सव्वीस वर्षांचा झाल्यावर. अंतरा "तयारी झाली की देईन" म्हणाले. २००४ च्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी धीर करून विचारले. "उद्या सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांची वाचा गेली होती.

मी वडिलांना दोष देत नाही. पगार गेल्यावर ज्या माणसाकडे ना जमीन ना पेन्शन, त्याचे भांडवल म्हणजे त्याच्या गळ्यातल्या चिजा. भांडवल कोणी रस्त्यावर उधळत नाही. आणि फुकट मिळालेल्या विद्येची कदर राहत नाही हा त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. आज मोबाइलवरून दोन दिवसांत पाच राग शिकून आलेली मुले मी रोज पाहतो.

परंतु तिगावच्या मिस्त्रींचे भांडवल तरी दुसरे काय होते? तेही त्याच विद्येवर जगतात. ती त्यांनी उघड्यावर मांडली तरी त्यांच्याकडचे गिऱ्हाईक कमी झालेले दिसले नाही. याचे कारण मला असे वाटते की सांगता येते ती विद्या आणि मुरावी लागते ती विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉइंटची फट किती, हे त्या मुलाच्या वहीत उतरले. पण इंजिनाच्या आवाजावरून कोणता टॅपेट सैल आहे हे ओळखणारा कान वहीत उतरत नाही. त्यासाठी मुलाला मिस्त्रींजवळच राहावे लागेल. आमचेही तसेच आहे. अंतऱ्याचे शब्द आणि स्वर कोणाला दिले म्हणून वडिलांचा आवाज आणि त्यांची लयीवरची पकड थोडीच कोणी नेली असती? लपवून त्यांनी जे राखले ते राखले जाण्यासारखे नव्हते, आणि जे राखले जायला हवे होते ते गेले.

आमच्याच शहराचा दाखला द्यायचा तर नानासाहेब पानसे हे इंदूर दरबारचे पखवाजी. त्यांनी शिष्य घडवले, म्हणून त्यांच्या नावाचे घराणे महाराष्ट्रभर वाजले. पंडित भातखंडे यांनी गावोगावी फिरून चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापून टाकल्या. त्या काळी त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पुस्तकावरून गाणे येत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे खरेच होते. पण ती पुस्तके नसती तर कित्येक चिजांची गत माझ्या अंतऱ्यासारखी झाली असती.

मोटारींच्या बाबतीतही आमच्या संस्थानी शहरांचा अनुभव काही वेगळा नाही. महाराज यशवंतराव होळकर यांच्या मोटारींची कीर्ती मोठी. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या ड्युसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवली होती. ती आज परदेशी संग्राहकांच्या कौतुकाचा विषय आहे, आणि आपण तिची चित्रे पाहतो. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला. असे सोहळे जरूर व्हावेत. पण तेथे मोटार काचेतल्या दागिन्यासारखी पाहायची असते, हात लावायचा नसतो. सरकारचा २०२१ चा नियमही त्याच धाटणीचा: पन्नास वर्षांवरील मोटारीला विंटेज म्हणून निराळी नोंदणी मिळते, मात्र मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर यायची. मी तो मान घेतला नाही, साधीच नोंदणी ठेवली. तंबोरा कपाटात ठेवून टिकत नाही, त्याला रोज कोणीतरी छेडावे लागते, तशातलाच हा प्रकार आहे.

या पानाचे वाचक बहुधा जुन्या घरांतले. त्यांच्या वाड्यांच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी फियाट, अँबॅसिडर किंवा लँडमास्टर उभी असेल. कपाटात तिचे पुस्तक असेल, डब्यात न वापरलेले पॉइंट असतील. ती मोटार चालवणारे ड्रायव्हरकाका ऐंशीच्या घरात गेले असतील आणि ती कोणत्या चढावर काय मागते हे त्यांना एकट्यालाच ठाऊक असेल. त्यांच्याजवळ जाऊन बसा. घरातल्या एखाद्या मुलाला वही घेऊन बसवा. विकायचीच असेल मोटार तर विका, पण वहीसकट विका. आणि वाड्यातल्या मोटारींचे मालक इंदुरात हिवाळ्याच्या एखाद्या रविवारी बॉनेटे उघडून जमणार असतील, तर पोहे माझ्याकडून. आमच्या शहरात पोह्यांवर तर्री घालीत नाहीत, एवढे तिगावकरांनी सांभाळून घ्यावे.

या महिन्यापासून देवगिरी बिलावलची ती स्थायी मी वर्गातल्या सर्व विद्यार्थ्यांना शिकवू लागलो आहे आणि स्वरलिपी करून फळ्यावर लिहिली आहे. खाली अंतऱ्यापुरती जागा कोरी ठेवली आहे. जुन्या दरबारी गवयांच्या वह्या ज्या घरांत असतील त्यांनी कृपा करून चाळून पाहाव्यात. सापडला तर या दैनिकाच्या पत्त्यावर मला कळवावे.