कळसदर्शनही दर्शनच

श्रावण जवळ आला की दवाखान्यात औषधांच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते. ‘आईंना सज्जनगडला न्यावे का?’ ‘बाबांनी ठोसेघरचा हट्ट धरला आहे, झेपेल का?’ विचारणारा मुलगा असतो किंवा सून असते. ज्यांच्याविषयी विचारायचे ते ज्येष्ठ शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेले असतात. माझे उत्तर बहुधा ‘अवश्य न्या’ असेच असते. घराबाहेरची हवा, हिरवा डोंगर आणि देवदर्शन यांनी मनाला येणारी उभारी कोणत्याही गोळीत नाही. प्रश्न वयाचा नसतो. तो पायऱ्यांचा, ओल्या दगडांचा आणि परतीच्या चढणीचा असतो. म्हणून सातारा-सांगली परिसरातील स्थळे प्रकृतीप्रमाणे निवडावीत.

गुडघे व छाती ठीक असल्यास

साताऱ्याहून एकाच दिशेला सज्जनगड आणि ठोसेघर आहेत. सज्जनगड हे समर्थ रामदासांचे समाधिस्थान. वाहन बरेच वर जाते, तरी पुढे सुमारे दोनशे पायऱ्या उरतातच. ठोसेघरला धबधबा समोरून पाहण्यासाठी सज्जा बांधलेला आहे. पण तिकडे जाताना उतार लागतो, म्हणजे थकलेल्या पायांनी परतताना चढ. दोन्ही ठिकाणे एका दिवसात करायची असल्यास गड सकाळी, अंगात उमेद असताना करावा. जोराचा वारा किंवा दाट धुके असेल तर गडाचा बेत पुढे ढकलावा.

थोडे चालणे जमत असल्यास

महाबळेश्वरजवळील क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते. अंतर कमी, मात्र दगडी फरशी ओली असते. हात धरणारे कोणी हवेच. लिंगमळा धबधब्याची वाट उताराची आहे, तेव्हा जमेल तेथवरच जावे. वाटेत वाईला कृष्णाकाठी ढोल्या गणपती आहे. पुराचे पाणी दुभंगावे म्हणून या मंदिराची मागील भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे. नातवंडांना ती आजोबांनीच दाखवावी.

कासच्या रस्त्यावर यवतेश्वराचे दर्शन सोयीचे आहे. त्याच बाजूला पुढे भांबवलीचा वजराई धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो. तेथील रानवाट निसरडी असते आणि पावसात जळवाही असतात. ती तरुणांसाठी सोडावी.

काठी किंवा वॉकर असल्यास

सांगली जिल्ह्याचा कृष्णाकाठ सपाट आहे. सांगलीचे गणपती मंदिर, भिलवडीजवळचे औदुंबर येथील दत्तस्थान आणि देवराष्ट्रे गावाजवळचा सागरेश्वराचा मंदिरसमूह येथे घाटरस्त्याची दमछाक नाही. औदुंबरला नदीच्या पायऱ्यांवर मात्र उतरू नये. कृष्णेचे पाणी वाढल्याची बातमी असेल तर घरूनच हात जोडावेत. २०१९ चा पूर आपण विसरलेलो नाही.

निघण्यापूर्वी

घरी किंवा शेजारच्या इमारतीत दोन मजले सावकाश चढून पाहावे. छाती भरून आली, दम लागला किंवा मध्येच थांबावे लागले, तर सहलीआधी तपासणी करून घ्यावी.

वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्यातच लघवीची गोळी चालू असेल तर चक्कर येऊन पडण्याची भीती वाढते. पाणी तोडू नये आणि गोळीही परस्पर बंद करू नये. त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वच्छतागृहासाठी कोठे थांबायचे ते मुलांनी आधीच ठरवून ठेवावे आणि आईला तसे सांगावे. तेवढ्यानेच तिची निम्मी काळजी मिटते.

दर्शन होईपर्यंत काही न खाण्याचा नेम मधुमेहींना महागात पडू शकतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास घाम, थरथर व भोवळ येते. खिशात साखरेच्या पुड्या असाव्यात. घाटात मळमळू नये म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. त्यापेक्षा पुढच्या आसनावर बसवावे आणि हलका नाश्ता द्यावा.

पायऱ्यांवर

चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा साधा नियम पाठ करावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उतरताना गुडघ्यावर भार अधिक येतो, म्हणून घाई तेव्हा टाळावी. सोबत्याने उतरताना एक पायरी खाली आणि चढताना एक पायरी मागे राहावे. मधुमेहींच्या तळपायाला खडा टोचलेला कळत नाही. पादत्राणे शक्य तितकी उशिरा काढावीत आणि घरी आल्यावर तळपाय उजेडात तपासावेत.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर तेथेच बसावे. वृद्धांत आणि मधुमेहींत कधी नुसता दम लागतो किंवा करपट ढेकर येतात. ‘गॅस असेल’ म्हणून पुढची पायरी चढू नये. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब एकदम उतरतो. १०८ ला दूरध्वनी करावा. डोंगरात संपर्क होत नसेल तर वाट पाहत न बसता रुग्णाला वाहनाने रुग्णालयाकडे न्यावे.

थांबण्याचा ठराव

इतके सारे सांगूनही एक अडचण उरते. ज्येष्ठांना आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा झालेला नको असतो. म्हणून गुडघा दुखतो हे ते सांगत नाहीत, छाती भरून आलेली लपवतात आणि ‘आता आलोच आहोत तर’ म्हणत चढत राहतात. यावर उपाय घरीच करता येतो. कोठपर्यंत जायचे आणि कोठे थांबायचे हे निघण्याआधी सर्वांनी मिळून ठरवावे; थांबणाऱ्याजवळ घरातील एक जण बसेल, हेही ठरवावे. गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोहोचता न आलेल्या वारकऱ्यालाही आपल्या परंपरेने कळसाचे दर्शन पुरेसे मानले आहे. पायथ्याशी बसून गडाकडे पाहत जोडलेले हात देवाला पोहोचतातच. तेव्हा या श्रावणात आधी शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेल्यांनाच विचारा, ‘तुम्हाला कुठे जावेसे वाटते?’ आणि मग पायऱ्या मोजा.