कच खाणे आणि क्रीडामानसशास्त्र

भीष्मराज बाम यांचे मे 2017 मध्ये नाशिकला निधन झाले. पोलीस सेवेतील ज्येष्ठ अधिकारी, नेमबाज, योगाचे अभ्यासक आणि या सर्वांतून घडलेले क्रीडामानसशास्त्रज्ञ अशी त्यांची ओळख. गीत सेठी, राहुल द्रविड, अंजली भागवत यांच्यासारखे खेळाडू त्यांचा सल्ला घेत. क्रीडाजगताला ते ठाऊक आहेत. ‘मार्ग यशाचा’, ‘विजयाचे मानसशास्त्र’ ही पुस्तके लिहिणारे मराठी गद्यलेखक म्हणून मात्र मराठीच्या प्राध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिलेले नाही. अशी पुस्तके यशोपदेशाच्या फळीवर ठेवून आपण मोकळे होतो. हा वर्गीकरणाचा आळस आहे, असे माझे मत आहे.

बाम यांचे काम मुळातच भाषेचे होते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो टिपणाऱ्याला हात स्थिर ठेवण्याचे तंत्र प्रशिक्षक शिकवतो. पण अंतिम फेरीत मनात जे वाक्य उमटते, त्याचे काय करायचे? ‘हा नेम चुकला तर?’ हे ते वाक्य. क्रीडामानसशास्त्रज्ञाची कारकीर्द या एका वाक्याभोवती फिरते. ते पुसता येत नाही, त्याच्या जागी दुसरे ठेवावे लागते. या शास्त्रात याला स्व-संवाद म्हणतात. मराठीच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याचा प्रघात आपल्याकडे संतकाव्यापासून आहे. समर्थांचे 205 ‘मनाचे श्लोक’ हे त्याचे ठळक उदाहरण. अर्थात समर्थ मनाला वासनेपासून सोडवू पाहतात आणि खेळाडूला तर जिंकायचे असते. हा विरोध खरा आहे. बाम यांनी योगदर्शनाचा आधार घेतला, तो मला इथे महत्त्वाचा वाटतो. पतंजलींची अभ्यास आणि वैराग्य ही जोडी मैदानावर आणली, तर वैराग्याचा अर्थ इच्छा सोडणे असा उरत नाही. नेम धरण्याच्या क्षणापुरता निकाल बाजूला ठेवणे, एवढाच होतो.

शब्दांचा विचार केला म्हणजे आणखी काही दिसते. ‘स्ट्रेस’साठी आपण सरसकट ‘ताण’ म्हणतो. परंतु ताण वीणेच्या तारेलाही लागतो. त्याशिवाय ती वाजत नाही. माणसाला खाली दाबते ते दडपण. खेळाडूला ताण हवा, दडपण नको, हा भेद मराठी शब्दांतच पडून आहे. ऐन वेळी खेळ हातचा जाणे यासाठी इंग्रजीने गळा आवळल्याची प्रतिमा वापरली. आपल्याकडे ‘कच खाणे’ होतेच. अवसान गळणे, धीर सुटणे, हातपाय गाळणे या तीन अवस्था एक नव्हेत, आणि तीनही अवस्थांवरचा उपाय एकच असेल असे वाटत नाही.

आज या व्यवसायाला प्रतिष्ठा आली आहे. 2011 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर पॅडी अप्टन होते. 2024 मध्ये गुकेशने बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हाही त्याच्या तयारीत ते सहभागी होते. हे चांगलेच झाले. पण हा व्यवसाय मोठ्या प्रमाणात इंग्रजीतून चालतो. आमच्या मीरा-भाईंदरच्या वर्गांत कबड्डी खेळणारी मुले असतात. सामन्याआधी पोटात गोळा येतो, हे ती मराठीत सांगतात. त्यांनी मानसशास्त्राची वाट धरली, तर पदव्युत्तर वर्गापर्यंत त्यांच्या हाती येणारी परिभाषा बहुतांशी इंग्रजी असते, आणि मग तोच पोटातला गोळा ‘अँग्झायटी’ होऊन कागदावर उतरतो. ज्याच्याशी बोलायचे तो खेळाडू मात्र गोळ्यापाशीच थांबलेला असतो.

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात आपण जाहिरात शिकवतो, वृत्तलेखन शिकवतो, मुलाखतही शिकवतो. तिथे बाम यांचे एखादे प्रकरण ठेवायला कोणाची हरकत असावी? मुलांना ते वाचू द्यावे आणि त्यातली कोणती वाक्ये मैदानावर उपयोगी पडतील, कोणती नुसती बोधपर आहेत, हे त्यांनाच ठरवू द्यावे. कबड्डीवाल्यांना आधी विचारावे.